आठवी 'अ' मधला माझा वार्षिक पाठ

बी.एड.च्या वार्षिक पाठाला मी लबाडी केली होती, हे आधीच सांगून टाकते. आज मी रीतसर गणिताची शिक्षिका आहे, आणि माझ्या वर्गात कुणी शेजारच्याचं उत्तर उतरवताना दिसलं तर मी शाळा डोक्यावर घेते. उद्या कुणी माझीच वही उघडून दाखवायच्या आत आपणच बोललेलं बरं.

माझं माहेर अंजनगाव सुर्जीचं. वडिलांचा पानपिंपळीचा, म्हणजे औषधी पिंपळीच्या वेलांचा मळा, त्यातच मी लहानाची मोठी झाले. गणित घेऊन बी.एस्सी. केली आणि निकालाचे पेढे वाटून होतात न होतात तोच लग्न होऊन अकोल्याला आले. सासरी फुलांचं दुकान. नवरा बाजारातून फुलं आणायचा, सासूबाई हार ओवायच्या. मी घरात पोरांच्या शिकवण्या घ्यायचे. पुढं एका खासगी शाळेनं मला वर्षभर गणितासाठी ठेवून घेतलं. त्या वर्षात जी मुलं गणिताच्या तासाला पोट दुखतं म्हणून घरी पळायची, ती मधल्या सुट्टीत माझ्यामागं वह्या घेऊन फिरायला लागली. मला वाटलं, जमलं बुवा आपलं!

जून उजाडला आणि हेडसरांनी बोलावलं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकवता झकास. पण तुमच्याजवळ बी.एड. नाही. तपासणीवाले आले तर मी काय दाखवू?" माझा वर्ग त्यांनी दुसऱ्या एकीला दिला. तिच्याजवळ कागद होता. ती बिचारी वाईट नव्हती, पण माझं डोकं असं फिरलं की घरी येऊन मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच विषय काढला.

"काय वं, तो कागद भेटते कुठं?"

मी सांगितलं. आधी प्रवेश परीक्षा, मग विद्यापीठाचं दोन वर्षांचं बी.एड., त्यानंतर टीईटी म्हणजे शिक्षकाची पात्रता परीक्षा. एवढं झालं की मग सरकार आपल्याला अमुक विषयाचा शिक्षक म्हणतं. प्रवेश बहुतेक अमरावतीला मिळेल, म्हणजे रोज अपडाऊन. पोरगी तर चार वर्षांची होती तेव्हा.

सासूबाईंनी सुईतला दोरा दातानं तोडला. म्हणाल्या, "दोन वर्षं मी पोरीले सांभायतो. दोन म्हंजे दोन. नापास झाली न् तिसऱ्या वर्षी पुन्हा बसतो म्हनशीन तं मी आयकनार नाई. माहे गुडघे आता इतकेच चालतीन."

सौदा पक्का झाला. नापास व्हायची मुभाच नव्हती. वर्ष वाया गेलं असतं तर माझं शिक्षिका होणं तिथंच संपलं असतं, हे मला आणि त्यांना दोघींनाही माहीत होतं.

दोन वर्षं सकाळच्या पॅसेंजरनं बडनेरा, तिथून शेअर ऑटोनं कॉलेज. डब्यात बसून मी पाठाचं टाचण काढायचे. टाचण म्हणजे तासाचा आराखडा. शिक्षक काय विचारणार, विद्यार्थी काय उत्तर देणार, फळ्यावर काय लिहिणार, सगळं रकान्यांत आधीच लिहायचं. विद्यार्थी काय बोलणार हेही आपणच लिहायचं! मला पहिल्या दिवसापासून याची चीड यायची. सरावाच्या शाळेत आठवीतली पोरं माझ्या रकान्यातलं उत्तर कधी देतच नव्हती. ती भलतंच काहीतरी विचारायची, मी त्याच्यामागं वाहवत जायचे आणि मागच्या बाकावर बसलेल्या आमच्या गणित पद्धतीच्या मॅडम वहीत लाल पेननं लिहायच्या, "नियोजन कच्चे." तीन पाठांना हाच शेरा. चौथ्याला त्यांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "वार्षिक पाठाला बाहेरचे परीक्षक येतात. टाचण आणि तास जुळला नाही तर गणितात नापास व्हाल तुम्ही. मग पुढच्या वर्षी भेटू."

पुढच्या वर्षी भेटू म्हणे! माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

आमच्या गटात चांदूर रेल्वेची एक मैत्रीण होती, हुशार आणि तितकीच डांबरट. ती म्हणाली, "एवढी काऊन घाबरून राहिली? दोन दिवस आधी त्याच वर्गात जाऊन तोच पाठ घेऊन टाक. उत्तरं पाठ करून घे. आन् पोट्ट्यायले सांग, प्रश्न इचारला का साऱ्यायनं हात वर करायचा. ज्याले येते त्यानं उजवा, ज्याले येत नाई त्यानं डावा. तू उजव्यालेच उठव. परीक्षकाले वाटते, सारा वर्ग हुशार हाये."

मी आधी तिला चांगलं सुनावलं. मग घरचा सौदा आठवला आणि गपचूप आठवी 'अ' च्या मोकळ्या तासाला गेले. पाठ होता त्रिकोणाच्या मध्यगांचा, म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंत जाणाऱ्या रेघांचा. मी जरा आडून आडून बोलायला लागले तर पहिल्या बाकावरची एक पोट्टी म्हणाली, "मॅडम, डावा-उजवा करायचा हाये का?" अव माय! दरवर्षी येणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्या वर्गाला तयार करून ठेवलं होतं. लाजेनं माझे कान तापले. तरी मी उत्तरं पाठ करून घेतलीच.

वार्षिक पाठाच्या दिवशी परीक्षक आले ते साठीला टेकलेले गृहस्थ, अंगात चुरगळलेला सदरा, कपाळावर चष्मा. एरवी परीक्षक दहा मिनिटं बसतात आणि पुढच्या वर्गात जातात, असं आम्हाला सांगितलं होतं. हे मात्र मागच्या बाकावर दोन पोरींच्या मधे असे पसरून बसले की जणू त्यांना दुसरं कामच नाही. दाराशी आमच्या मॅडम उभ्या.

मी सुरू केलं. पुठ्ठ्यावर चिकटवलेला रंगीत तक्ता टांगला. प्रश्न विचारला, पन्नास हात वर. उजवा हात उठवला, उत्तर आलं. दुसरा प्रश्न, पुन्हा पन्नास हात. एका पोरानं तर माझा प्रश्न पुरा व्हायच्या आतच, "मध्यगा एकसंपाती असतात!" असं ठोकून दिलं. मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू दिसलं. रकाना न् रकाना जुळत होता. मला वाटलं, सुटले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, एक मिनिट."

परीक्षक उभे राहिले होते. "उजव्या हाताचे पोट्टे लय झाले," ते म्हणाले. "तीस वर्षांपासून मी हे उजवे हात पाहून राहिलो. आता एखादा डावा उठवा."

मॅडमनी नजर फिरवली. माझ्या डोळ्यांपुढं सासूबाई आल्या, पोरगी आली. आणि खरं सांगते, त्या भीतीच्या खाली रागही होता. परीक्षकांवर नाही, माझ्यावरच. खासगी शाळेत कागद नसताना मी वर्षभर खरं शिकवलं होतं, आणि आता कागदासाठी हे नाटक करत उभी होते.

मी म्हटलं, "सर, हो. उत्तरं मी आधीच पाठ करून घेतली आहेत. चूक झाली."

"ते दिसलंच," ते म्हणाले. "तास संपला काय तुमचा?"

"नाही सर. वीस मिनिटं आहेत."

"मग?" एवढंच म्हणून ते खाली बसले.

शेवटून दुसऱ्या बाकावर एक पोरगी होती. तास सुरू झाल्यापासून तिचा डावा हात इमानेइतबारे वर जात होता. मी तिला उठवलं आणि विचारलं, "मध्यगा एका बिंदूत मिळतात, हे तुला माहीत नाही का?"

"माईत हाये बाई. परवा तुमीच सांगतलं."

"मग डावा हात का केला?"

"काऊन मियतात, ते नाई सांगतलं तुमी."

थोबाडीत बसावी तसं झालं मला. टाचणाची वही मी टेबलावर उलटी ठेवली. टांगलेला तक्ता काढला आणि सगळ्यांसमोर त्यातला पुठ्ठ्याचा त्रिकोण कात्रीनं कापून घेतला. तीन दिवस खपून रंगवलेला तक्ता होता, पण मला त्या घडीला त्याचं काही वाटलं नाही. त्रिकोण तिच्या हातात दिला. "हा पेन्सिलीच्या टोकावर तोलून दाखव."

तिनं पेन्सिल लावली, त्रिकोण पडला. पुन्हा लावली, पुन्हा पडला. पोरं ओरडायला लागली, "इकडं सरकव! तिकडं सरकव!" मी कुणाला गप्प केलं नाही. मी तिला फूटपट्टी आडवी, धार वर करून धरायला सांगितली आणि त्रिकोण तिच्या धारेवर ठेवायला लावला, असा की एक कोपरा धारेवर आणि समोरच्या बाजूचा मध्यही धारेवर. त्रिकोण थांबला. "काऊन थांबला?" मी विचारलं. तिनं विचार केला. म्हणाली, "दोई बाजूनं सारकंच वजन हाये." तिथं आम्ही पेन्सिलीनं रेघ मारली. मग दुसरा कोपरा, दुसरी रेघ. दोन रेघा एकमेकींना कापून गेल्या. तिसरा कोपरा लावायच्या आधी मी म्हटलं, "थांब. तोलायची जागा एकच असते की दोन?"

"एकच."

"मग तिसरी रेघ कुठून जाईल?"

पोरीनं दोन रेघांच्या फुलीवर बोट ठेवलं. मग तिचे डोळे असे मोठे झाले! "बाई, तिलेबी इथूनच जा लागीन! दुसरीकडून गेली तं तोल जाईन!"

आणि तिनं स्वतःच पेन्सिल त्या जागी लावून त्रिकोण वर उचलला. तो जागच्या जागी स्थिर राहिला. वर्गानं असा गलका केला की शेजारचे सर बघायला आले. मागून एक जण भांडायला उठला, हा त्रिकोण मॅडमनी मुद्दाम तसा कापला म्हणे. मी म्हटलं, मग तुझा तू काप. पटापट वह्यांची पुठ्ठ्याची कव्हरं फाटली, लांबुळके, बुटके, वाकडेतिकडे त्रिकोण झाले, आणि परीक्षकांच्या शेजारच्या दोघी पोरी त्यांच्याच पेनवर आपला त्रिकोण तोलत बसल्या. तेवढ्यात घंटा झाली.

मूल्यमापन राहिलं. गृहपाठ राहिला. टाचणाचे निम्मे रकाने तसेच. परीक्षक माझी वही घेऊन निघून गेले. मॅडम जाता जाता म्हणाल्या, "कशाला केलंत हो हे?" त्यांनी लबाडीबद्दल विचारलं की नंतरच्या गोंधळाबद्दल, ते मला आजही माहीत नाही.

घरी येऊन मी सासूबाईंसमोर बसून रडले. सगळं सांगितलं. त्या ओवता ओवता ऐकत होत्या.

"त्या पोट्टीले समजलं का मंग?"

"समजलं."

"मंग रडून कायले राहिली? उठ, चहा मांड."

निकाल लागला त्या दिवशी मी कॉलेजच्या व्हरांड्यात भिंतीला धरून उभी होते. मी पास झाले होते. नुसती पास नाही, गणिताच्या पाठात आमच्या गटात पहिली! वही परत मिळाली, तिच्यात त्या चुरगळलेल्या सदऱ्याच्या माणसानं लिहिलं होतं, "पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही. विद्यार्थ्यांना समजला." त्याखाली त्यांची सही. आमच्या मॅडमनी ती वही पुढच्या बॅचला दाखवायला मागून घेतली, हे मात्र कबूल करायला हवं.

पण बी.एड. झालं म्हणजे सगळं झालं असं नसतं. टीईटी होतीच, आणि दोन वर्षं तर संपली होती. मी चाचरत विषय काढला. सासूबाई माझ्यावरच उखडल्या. "म्या बी.एड.ची दोन वर्षं म्हनली होती. ह्या टीईटीचं आपलं काई बोलनं झालं होतं का? नाई ना? मंग बस अभ्यासाले!"

टीईटी पहिल्यांदा थोडक्यात हुकली, दुसऱ्यांदा निघाली. मग भरतीची परीक्षा, मग पोर्टलवर नाव कधी लागतं याची वाट पाहणं. त्या वाट पाहण्यानं माझ्या नाकी नऊ आले. अखेर लागलं नाव. हिवरखेडकडची शाळा, सहावी ते आठवी, विषय गणित.

कागदपत्रांच्या तपासणीला सासूबाई माझ्यासोबत आल्या. नको म्हटलं तरी आल्या, इस्त्रीचं नऊवारी नेसून. हॉलमध्ये माझ्यासारख्या ढीगभर जणी फायली छातीशी धरून बसल्या होत्या. माझा नंबर आला. टेबलामागच्या कारकून बाबूंनी एकेक कागद उलटला. पदवी, बी.एड., टीईटी.

"विषय?"

"गणित!" मी एवढ्या मोठ्यानं म्हणाले की अख्खा हॉल वळून बघायला लागला.

बाबू हसले. माझ्या खांद्यावरून वाकून बघणाऱ्या सासूबाईंकडं त्यांचं लक्ष गेलं. "मावशी, तुम्ही कोण?"

"मी इची सासू. इची पोरगी म्या वाढवली. आता तो शिक्का कुठं मारता, मले पायू द्या."

बाबूंनी कागद त्यांच्या बाजूनं फिरवला आणि त्यांच्यासमोर शिक्का मारला. मी घाईघाईनं कागद फाईलीत घालायला गेले तर सासूबाईंनी माझा हात धरला. हार ओवून ओवून चरे पडलेल्या बोटांनी त्यांनी तो कागद दोन्ही कडांनी उचलला आणि ओल्या शाईवर हळूच फुंकर घातली.

"सुकू दे आधी," त्या म्हणाल्या. "पुसलं नाई पायजे."