चौथ्या गटाचा पूल

बेळगावात दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन परतलो तेव्हा माझ्या अंगात इंजिनियर संचारला होता. आमच्या गावच्या मराठी शाळेत चौथीची वीस मुलं. त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून मी गर्जलो, "आजपासून तुम्ही सगळे इंजिनियर!"

मागून प्रश्न आला, "मग गृहपाठ न्हाय न्हवं, सर?"

पाच-पाच जणांचे चार गट पाडले. प्रत्येक गटानं रद्दीच्या गुंडाळ्या आणि सुतळी घेऊन दोन बाकांमध्ये पूल बांधायचा. शनिवारी शाळा तपासणीचे साहेब येऊन पुलावर गुळाची ढेप ठेवणार. ज्यांचा पूल टिकेल तो गट जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जाणार. "मिळून काम करायला शिका," असंही वर ऐकवलं. शेतकऱ्यांच्या पोरांना, मी, शहरात टिळकवाडीत वाढलेला!

प्रशिक्षणात सांगितलं होतं, मुलांच्या कामात ढवळाढवळ करू नका. हा नियम मी मनापासून पाळला. चहाही निवांत होत होता.

साहेब मात्र शुक्रवारीच सकाळी टपकले. पूल होते तीन. चौथ्या गटाच्या बाकांमध्ये नुसती हवा.

त्या गटाची प्रमुख वर्गातली सगळ्यात बारकी मुलगी. प्रदर्शनाला जायचं म्हणून तिनं नवी रिबीन घेतली होती आणि ती आठवडाभर दप्तरातच ठेवली होती.

"अगं, तुमचा पूल कुठाय?"

"आमचा पैरा आज हाय की, सर."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भाताच्या लावणीला आज सगळे तुमच्या शेतात, उद्या सगळे आमच्या, तसंच पोरांनी ठरवलं होतं. मंगळवारपासून वीसच्या वीस जणांनी रोज एकेका गटाचा पूल बांधला होता. तिन्ही पुलांच्या गाठी त्या मुलीनंच मारल्या होत्या.

"चौथा गट, शून्य," साहेबांनी पेन उघडलं. मुलगी दप्तराचा बंद पिळत राहिली.

पहिल्या गटाचा म्होरक्या उठला. "थांबा की वाईच, साहेब. हिचा पैरा फिटल्याबिगर आमी जेवाय उठत न्हाय."

आणि वीस जण रद्दीवर तुटून पडले. पहिला पूल मधे खचत होता, दुसरा कलत होता, तिसऱ्याचे पाय फाकत होते. त्या सगळ्या चुका करून झाल्या होत्या. ती म्हणाली, "साहेब, हितं जरा बोट धरा," आणि साहेबांनी गाठीवर बोट धरलंसुद्धा! तासाभरात पूल उभा राहिला.

ढेपेखाली पहिले तिन्ही पूल बसले. चौथ्यानं ढेप पेलली, वर साहेबांची बॅगही पेलली. रिबीन दप्तरातून बाहेर आली.

साहेबांनी फॉर्मवर चौथ्या गटाला पहिला नंबर दिला आणि खाली शेरा मारला: 'मुलांना गटात काम करण्याची सवय नाही. मार्गदर्शन हवे.' त्याखाली प्रशिक्षित मार्गदर्शक म्हणून मी ऐटीत सही ठोकली.

साहेब निघाले तशी ती रिबीन बांधत आडवी आली.

"साहेब, तुमीबी हात लावलासा. आता तुमचा पैरा कवा? काय बांधायचं हाय?"

साहेबांनी फॉर्म पुन्हा उघडून पाहिला. तसा रकाना त्यात नव्हता.