पगारेकाकांचे पाच स्टार

अंबडच्या कारखान्यात ज्याला कुणाला रात्रपाळी नको असायची, तो सहादू पगारेंकडे जायचा. कुणाचं लग्न नुकतंच झालेलं असे, कुणाचं मूल लहान असे, कुणाला नुसताच कंटाळा असे. पगारे प्रत्येकाला "बरं" म्हणायचे. असं करता करता त्यांची नोकरी जवळजवळ सगळी रात्रपाळीतच गेली. सकाळी आम्ही दूध आणायला खाली उतरायचो तेव्हा ते हातात हेल्मेट घेऊन जिना चढत असायचे. नाशिक रोडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचं घर पहिल्या मजल्यावर. दारावर त्यांनी 'दुपारी बेल वाजवू नये' अशी पाटी लावली होती. ती पाटी सगळे जण बेल वाजवून झाल्यावर, दार उघडेपर्यंतच्या वेळात वाचायचे.

त्यांच्या पत्नी यशोदाबाई म्हणायच्या, "एकदा तरी माणसासारखं रात्री घरी झोपायला मिळू दे यांना." ती इच्छा दोन हजार वीसच्या मार्चमध्ये पुरी झाली. लॉकडाउनमध्ये कारखाना बंद झाला, पगारे रात्री घरी राहू लागले, आणि त्यांची झोपच उडाली. रात्री डोळ्याला डोळा लागेना. दिवसा झोपावं तर मुलगी संजना कॉलेजचे ऑनलाइन तास लावून बसलेली, खाली भाजीवाल्याशी कुणाची तरी मास्कवरून हुज्जत चाललेली. पगारे गॅलरीत उभे राहून रिकाम्या रस्त्याकडे बघत राहायचे.

मे महिन्यात तळमजल्यावरच्या गेणूभाऊंना ताप आला. ते लासलगावला एका कांदा व्यापाऱ्याकडे कामाला. तिकडचे लिलाव मधूनमधून चालूच होते, म्हणून ते मोटरसायकलवर जाऊन-येऊन करत होते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. पांढऱ्या पोशाखातली माणसं येऊन त्यांना कोविड सेंटरला घेऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गेटला बांबू आणि पत्रे ठोकले गेले. आम्ही सगळे आत अडकलो.

गेणूभाऊंच्या पत्नी लंकाबाई घरी एकट्या राहिल्या. त्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह होता, तरी बिल्डिंगने त्यांची फार काळजी घेतली. म्हणजे त्यांच्या दारावर, कडीवर, पायपुसण्यावर दिवसातून दोनदा औषध फवारलं. चहाचं मात्र कुणाला सुचलं नाही. यशोदाबाईंना सुचलं. त्यांची गॅलरी लंकाबाईंच्या अंगणावर यायची. त्यांनी दोरीला पिशवी बांधून डबा खाली सोडायला सुरुवात केली. बिल्डिंगच्या ग्रुपवर एकाने विचारलं, की ही पिशवी परत वर येते त्याचं काय. यशोदाबाईंनी दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर लोणचंही सोडलं.

आमचे सेक्रेटरी शेखर वाघ विमा कंपनीत नोकरीला आणि शहरातल्या एका फिल्म क्लबचे सभासद. माणूस मनाने चांगला, पण कुठलीही गोष्ट साधी राहू द्यायची नाही असा. लोक घाबरून सारखे आकडेच एकमेकांना पाठवताहेत हे बघून त्यांनी ग्रुपवर एक योजना मांडली. रोज प्रत्येक घराने एक सिनेमा बघायचा आणि संध्याकाळी त्याला पाचपैकी स्टार द्यायचे, कारणासह. "हा टाइमपास नाही," त्यांनी लिहिलं, "यातून आपली दृष्टी तयार होईल."

पहिल्याच संध्याकाळी त्यांचं स्वतःचं परीक्षण आलं. ते इतकं लांब होतं की मोबाइलवर अंगठ्याने ढकलता ढकलता दम लागायचा. आम्ही सगळ्यांनी न वाचता त्याला अंगठे दिले.

पगारेंच्या घरून संजनाने टाइप केलं : "पप्पा म्हणतात, छान आहे. पाच स्टार."

दुसऱ्या दिवशी भुताचा सिनेमा. पगारे : पाच स्टार. तिसऱ्या दिवशी लग्नाचा, त्यात दोन घराणी आणि गाणीच गाणी. पाच स्टार. मग एका युद्धपटाला त्यांनी एकदम तीनच दिले, तेव्हा शेखरना हुरूप आला.

"काका, दोन स्टार का कापले?"

"तोफा फार होत्या," उत्तर आलं.

शेखरनी त्यावर लिहिलं, की पगारेकाकांचं ध्वनीकडे किती बारीक लक्ष आहे बघा, आपण सगळे नुसती चित्रं बघतो. पगारेंचा ग्रुपवर अचानक मान वाढला. तो दोन-तीन दिवस टिकला. मग शेखरनी एका रहस्यपटाच्या शेवटाबद्दल त्यांचं मत विचारलं, आणि खोटं लिहायचा कंटाळा आलेल्या संजनाने लिहून टाकलं : "काका, पप्पांनी अजून एकाही पिक्चरचा शेवट बघितलेला नाही. सुरुवातीच्या नावांच्या पाट्या संपल्या की ते झोपतात."

थोड्या वेळाने पगारेंचा आवाज आला. त्यांनी आयुष्यातला पहिला व्हॉइस मेसेज पाठवला होता, त्यामुळे सुरुवातीला बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज होता. मग ते म्हणाले, "वाघसाहेब, राग मानू नका. मला इतकी वर्षं लोक जागे असताना झोपायची सवय. आजूबाजूला कुणीतरी बोलत असलं म्हणजे वाटतं, चला, जाग आहे, आपण डोळा लावायला हरकत नाही. आता रात्री सगळं गाव चिडीचूप असतं. त्या शांततेत भीती वाटते. पिक्चरमध्ये माणसं बोलत असतात, म्हणून झोप येते. ज्यात चांगली झोप लागली त्याला मी पाच दिले. तोफांच्या पिक्चरमध्ये दोनदा दचकून उठलो."

शेखरनी सभ्य भाषेत सुचवलं, की पगारेकाकांचे स्टार सरासरीत धरू नयेत. ते कुणी वाचलं की नाही कोण जाणे, कारण तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या कुंदनने विचारलं, "काका, उद्यासाठी कोणता सांगता? मला आठवडाभर झोप नाही." त्याच्याखाली दुसऱ्याने लिहिलं, मलाही नाही. मग तिसऱ्याने. तेव्हा उघडकीला आलं, की वाफारे घेणारी आणि दिवसभर एकमेकांना धीर देणारी आमची अख्खी बिल्डिंग रात्र रात्र जागी होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच.

त्यानंतर पगारेंचा भाव विचारू नका. त्यांनी पाच दिलेला सिनेमा लोक दुपारी जेवण झाल्यावर लावायचे आणि आडवे व्हायचे. संध्याकाळी अभिप्राय यायचे : "काका, मध्यंतरापर्यंतही गेलो नाही. अप्रतिम." शेखरची परीक्षणं चालूच होती. त्यांनी कसदार म्हणून गौरवलेले तीन-चार सिनेमेही झोपेला फार चांगले निघाले. हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

एका संध्याकाळी यशोदाबाई डबा खाली सोडत असताना लंकाबाईंनी वर बघून पगारेंना हाक मारली.

"भाऊ, तुम्ही समद्यांना झोपेचा पिक्चर सांगता म्हणं. मला बी सांगा. हे गेल्यापासून पाठ टेकली नाय बघा."

"फोन येतो का गेणूभाऊंचा?" पगारेंनी विचारलं.

"येतो. बरा हाय म्हणत्यात. पण बरा हाय असं तर समदेच म्हणत्यात."

पगारेंना त्यांनी स्वतः पाच दिलेले सगळे सिनेमे आठवत होते, पण फक्त पाट्यांपुरते. पुढे त्यात काय होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. एखाद्यात हॉस्पिटल निघालं तर? एखाद्यात नवरा मेला तर? या बाईला तसलं काही चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी संजनाला एक जुना, काळा-पांढरा मराठी सिनेमा लावायला सांगितला, यशोदाबाईंकडून कडक चहा करून घेतला आणि दिवाणावर आडवं न होता ते खुर्चीत बसले. दोन भावांची जमिनीवरून कोर्टात लागलेली केस होती. वकील एकेक वाक्य बोलून चष्मा पुसायचे. पगारेंनी मांडीला चिमटे काढत तो शेवटपर्यंत बघितला. कुणी मेलं नाही, कुणी आजारी पडलं नाही. साधी खोकल्याची उबळसुद्धा कुणाला आली नाही.

"हा पाठव लंकाबाईंना," त्यांनी संजनाला सांगितलं.

संजनाने लिंक पाठवली, पण चुकून ग्रुपवर. पगारेकाकांनी स्वतः जागून, पारखून निवडलेला सिनेमा म्हटल्यावर कोण सोडतो? दुसऱ्या दिवशी दुपारी बिल्डिंगमधल्या बहुतेक घरांतून एकाच वेळी तेच कोर्ट सुरू झालं. आमच्याकडेही झालं. न्यायाधीश येऊन बसले एवढं मला आठवतं. पुढचं मी सांगतो ते नंतर पगारेंकडून आणि गेणूभाऊंकडून ऐकलेलं आहे.

त्या दुपारी गेटपाशी रुग्णवाहिका थांबली. गेणूभाऊंना घरी सोडलं होतं. सेंटरवरून लंकाबाईंना फोन केले होते, पण ते उचलले गेले नव्हते. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बरोबरच्या कर्मचाऱ्याने पत्र्यावर थाप मारली, हाक दिली. एकही खिडकी उघडली नाही. गेणूभाऊ कपड्यांची पिशवी घेऊन उन्हात उभे.

कर्मचारी अनुभवी होता. त्याने आवाज खाली आणला. "काका, असं होतं बऱ्याच ठिकाणी. बरा झालेला माणूस आला की लोक दारं लावून घेतात. मनाला लावून घेऊ नका."

गेणूभाऊ गेटबाहेरच्या चौकीदाराच्या ओट्यावर बसले. "त्यांचं बी काय चुकत नाय," ते म्हणाले. "माझ्यामुळं कोंडले समदे." पण घरातल्या माणसानंही दार उघडू नये, हे त्यांना समजत नव्हतं. ते पत्र्यांच्या फटीतून आपल्या बंद दाराकडे बघत राहिले.

अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकच माणूस जागा होता. पगारे तोच सिनेमा दुसऱ्यांदा बघत होते. धाकट्या भावाने साक्षीत खोटं का सांगितलं, हे त्यांना कळलं नव्हतं आणि ते त्यांना सलत होतं. हॉर्न त्यांना आधी सिनेमातलाच वाटला. मग ते गॅलरीत आले.

"गेणूभाऊ? आलात का? अहो, सगळे झोपलेत."

"सगळे?" कर्मचाऱ्याने मान वर करून विचारलं. "भर दुपारी?"

"हो. पिक्चर लावलाय."

कर्मचारी गेणूभाऊंकडे कीव आल्यासारखा बघू लागला. पगारे मास्क लावून खाली आले, बांबू सरकवून त्यांना आत घेतलं आणि लंकाबाईंच्या दारावर थाप मारायला हात उचलला. आतून वकिलाचा आवाज येत होता, आणि त्याच्या वरताण घोरणं.

"कवापासून झोपली?" गेणूभाऊंनी विचारलं.

"आजच. तुम्ही गेल्यापासून जाग्याच होत्या."

गेणूभाऊ थोडा वेळ ते घोरणं ऐकत उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "मग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "उठंल तवा उठंल."

रुग्णवाहिका निघून गेली. गेणूभाऊ पार्किंगमध्ये स्वतःच्या मोटरसायकलवर बसले आणि पगारे अंतर ठेवून जिन्याच्या पायरीवर. बोलायला दुसरं काही नव्हतं, सेंटरबद्दल विचारायचा पगारेंना धीर होईना. म्हणून त्यांनी सिनेमाची गोष्ट सांगायला घेतली. गेणूभाऊंनी ती मन लावून ऐकली. धाकटा भाऊ साक्षीत खोटं बोलला तिथे ते म्हणाले, "थोरल्याच्या बायकोसाठी बोलला आसंल. तिनं त्याला पोरावानी वाढवला ना?" दोनदा बघून त्यांच्या जे लक्षात आलं नव्हतं, ते न बघता या माणसाने सांगितलं होतं.

उन्हं कलल्यावर लंकाबाईंनी दार उघडलं. समोर नवरा. त्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आलात व्हय? आवाज द्यायचा ना. मी बघा म्हशीवानी पडले." आणि डोळ्यांना पदर लावून आत गेल्या, अंघोळीचं पाणी तापवायला.

हळूहळू बाकीची दारं उघडली. जांभया देत गॅलरीत आलेल्या लोकांनी गेणूभाऊंना बघून टाळ्या वाजवल्या, कुणी ओवाळण्याचं तबकही दाखवलं, दुरून. गेणूभाऊंनी सगळ्यांना हात जोडले. त्यांना तासभर दारात बसवून ठेवलेलं आहे, हे त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी ग्रुपवर त्या सिनेमाला भराभर पाच-पाच स्टार पडले. पगारेंनी मात्र दोन दिले, आणि कारण असं दिलं, की इतका मोठा खुलासा दिग्दर्शकाने प्रेक्षकांवर सोडायला नको होता. शेखरनी हे तीनदा वाचलं असावं. मग त्यांनी नेहमीपेक्षाही लांब उत्तर लिहिलं, की प्रेक्षकांवर सोडलं यातच त्याची कला आहे. पगारेंनी ते सगळं वाचलं. शेखरचं परीक्षण शेवटपर्यंत वाचणारा बिल्डिंगमधला तो पहिला माणूस. त्यावर त्यांनी उलट उत्तरही दिलं.

पुढे पत्रे निघाले, कारखाना सुरू झाला. पगारेंनी पहिल्यांदा साहेबांकडे जाऊन दिवसपाळी मागितली. कारण विचारलं तर म्हणाले, शनिवारी संध्याकाळी फिल्म क्लब असतो. साहेबांना ती थट्टा वाटली, पण त्यांनी पाळी दिली.

आता ते निवृत्त आहेत. क्लबात शेखरच्या शेजारी बसतात, सिनेमाभर टक्क जागे असतात आणि हल्ली अडीचच्या वर स्टार देत नाहीत. कुंदनला अजून कधीमधी झोप येत नाही, पण त्यांना विचारून उपयोग नसतो. ते त्याला सिनेमाची बलस्थानं आणि उणिवा सांगत बसतात.

गेणूभाऊंना मात्र सिनेमा बघायचं वेड लागलं नाही. लासलगावला लिलाव नसला की ते वर येतात, यशोदाबाईंच्या हातात कांद्याची पिशवी देतात आणि दिवाणावर बसतात. "बघत कोण बसतं एवढा येळ," म्हणतात. "तुम्ही सांगा काय झालं ते." पगारे पहिल्या पाटीपासून सुरुवात करतात.