मालकाला सवलत नाही

दिघे सरांच्या घरी दिवाळीच्या फराळाची बशी सहजासहजी हाती पडत नसे. बशी स्वतःच्याच हातात घट्ट धरून ते आधी विचारत, "तपासणी केलीस का यंदा?" हो म्हटलं की चकली. नाही म्हटलं की सगळ्यांदेखत बोलणी.

जर्मनीत बॉबलिंगेनमध्ये त्यांची छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी होती, आम्ही जेमतेम सात-आठ जण. इथे साधा आरोग्य विमा सगळ्यांनाच असतो. सरांनी आमच्यासाठी वर आणखी एक काढला होता, मोठ्या तपासण्यांसकट. हप्ता कंपनी भरायची आणि ठरावीक मर्यादेपर्यंत त्यावर कर नव्हता. पहिल्याच दिवाळीला सरांनी हौसेने सगळ्यांना मिठाई आणि कूपनं वाटली. मालकाची भेट म्हणून तीही त्याच मर्यादेत धरली गेली, मर्यादा ओलांडली आणि विम्यासकट सगळ्यावरच कर बसला. करसल्लागार बाईंनी सरांना चांगलंच झापलं.

"आल्झो, म्हणजे आता भेट बंद, विमा चालू," सर म्हणाले. "फराळाला घरी या. पाहुण्यांवर अजून कर बसवलेला नाही यांनी."

माझं ब्लडप्रेशर त्या तपासणीतच सापडलं. सरांना कोण आनंद! "बघ, सांगत होतो ना!"

"आणि सर, तुमची तपासणी?"

"अरे, करातली सवलत कर्मचाऱ्यांना. मी मालक, मला कुठली लागू?"

"मग खिशातून करा की!"

"गेनाऊ, अगदी बरोबर. पुढच्या वर्षी तुझ्या काकूला घेऊनच जातो."

मला अजूनही त्यांचा राग येतो. आमच्या एकेका दाढेसाठी विमा कंपनीशी तासभर भांडणारा हा माणूस स्वतःच्या पोटदुखीवर ओवा चावत बसला. डॉक्टरांकडे गेले तेव्हा आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो तर मलाच म्हणाले, "तुझी अपॉइंटमेंट याच महिन्यात ना? इथे काय करतोयस?"

उन्हाळ्यात सर गेले. त्या दिवाळीला त्यांच्या घरी फराळ होणार नव्हता, म्हणून आम्हीच डबे घेऊन गेलो. काकूंनी त्यातलंच बश्यांमध्ये भरलं आणि काही न विचारता माझ्यापुढे बशी धरली. मला ती घेववेना.

"काकू, माझी तपासणी झाली," मी म्हणालो. "तुमची?"

"नाही रे," त्या म्हणाल्या. "यांच्याबरोबर जायचं ठरलं होतं. पुढच्या वर्षी."