खुर्शीदाचा कोल्हा

आधीच सांगून ठेवते, मले कम्प्युटरमधलं काही समजत नाई. माहं दुकान बांगड्यांचं. पण मूल गावच्या बाजारात माह्या दुकानाले लागूनच नूर मोहम्मदचा फोटो स्टुडिओ, अन् मधात नुसतं प्लायवूडचं पार्टिशन. तिथी जे झालं ते माह्या डोळ्यादेखत झालं. म्हणून कोणी म्हणते ना का स्टुडिओ नूरभाऊनं नावारूपाले आणला, तं माहं डोकं सरकते. नूरभाऊ फोटो काढे. फोटो बनवे ते त्याची बायको, खुर्शीदा.

खुर्शीदा राजुऱ्याची. लग्न होऊन आली तवा सासऱ्यानं तिच्या हातात टोकदार पेन्सिल देल्ली अन् निगेटिव्हवरचे डाग लपवाले शिकवलं. देवीचे वण, मुरमं, सुरकुत्या, सारं ते पेन्सिलीनं गायब करे. गिऱ्हाईक येऊन एकच सांगे का बाई, जरा गोरं करून देजा. अन् खुर्शीदा तसं करून दे. वरसानुवरसं हाताले तेच वळण लागलं.

अन् दुसरं काम तेरवीच्या फोटोचं. आमच्याकडे खेड्यातला माणूस जितेपणी एकट्याचा फोटो काऊन काढन? तो गेला का घरचे कोणाच्या तरी लग्नातला फोटो घेऊन येत, कोपऱ्यातलं माणूस दाखवत अन् म्हणत, याले तेवढं वेगळं काढून द्या, हार घालाचा आहे. खुर्शीदा कैचीनं कापे, कागदावर चिकटवे, अन् नूरभाऊ त्याचा पुन्हा फोटो काढे. कैची जराशी चुकली का माणसाचा कान गेला.

दोन हजार पाचमधी स्टुडिओत कम्प्युटर आला. बाप्पा, काय थाट त्याचा! नूरभाऊनं त्याले मखमलीचं झाकण शिवून घेतलं, दिवसातून दहा खेपा काच पुसे, अन् येईल त्याच्यावर ओरडे, काचेले बोट नका लावू. मलेही ओरडला, म्या बोट लावलं नव्हतं तरी.

पण मशीन आली म्हणून फोटो थोडीच सुधरते? त्यात टाकाले सॉफ्टवेअर पाह्यजे. सारे ज्याचं नाव घेत त्याची खरी किंमत ऐकून नूरभाऊ स्टुलावर बसूनच गेला. मग चंद्रपूरहून कोणाकडून तरी त्याचीच चोरीची सीडी आणली. तिच्यासंगं असा व्हायरस आला का एका लग्नाचे सारे फोटो खाऊन गेला, अन् नवरीचा बाप दिवसभर स्टुडिओच्या पायरीवर बसून राह्यला. त्या दिवसापासून खुर्शीदानं सांगून टाकलं, चोरीचा माल माह्या मशीनीत नाई. स्कॅनरसंगं एक बारकं सॉफ्टवेअर आलं होतं, ते उजेड कमी-जास्त करे, पण एकदा सेव्ह केलं का केलं. मागं येणं नाई.

एक दिवस खुर्शीदा चंद्रपूरले बहिणीकडे गेली अन् येतानी बस स्टँडवर कम्प्युटरचं एक मासिक घेतलं, नुसतं त्यातल्या सीडीसाठी. घरी आली अन् पार्टिशनवर असे धपके मारले का माह्या बांगड्या खुळखुळल्या. म्या गिऱ्हाईक सोडून धावली. सीडीवर फोटोचं सॉफ्टवेअर होतं, फुकट, अन् चोरीचं नाई, बनवणाऱ्यानंच फुकट वाटलेलं! आधी एक टाकाचं, मग दुसरं टाकाचं, अन् बरोबर मधातच लाइन गेली. आमी दोघी पदरानं वारा घेत बसलो. लाइन आली, अन् पडद्यावर एक कोल्हा आला. तोंडात ब्रश धरलेला! खुर्शीदा लहान पोरीवानी हासली. सॉफ्टवेअरचं नाव गिंप होतं, पण आमी त्याले कोल्हाच म्हणो.

नूरभाऊनं नाक मुरडलं. फुकटच्या मालाचा काय भरोसा, म्हणे. खुर्शीदानं कान देल्ला नाई. इंग्रजी तिले थोडंच येत होतं, पण कैचीचं चित्र, ब्रशचं चित्र तं समजते. आठ दिवसांनं तिनं मले मोठी गंमत दाखवली. फोटोवर जशी पारदर्शक पन्नी ठेवाची अन् पन्नीवरच काम कराचं. हरेक पन्नीसमोर एक डोळ्याचं चित्र. त्याच्यावर टिचकी मारली का पन्नी गायब, अन् खालचा फोटो जसाचा तसा! मले इतका आनंद झाला का म्या तिले हिरव्या बांगड्या भरून देल्ल्या.

त्याच हप्त्यात लटारू आला. तलावावर मासे धरणारा ढिवर, जवळच्याच गावचा. त्याची माय गेली होती, तेरवी दोन दिवसांवर. समोरच्या स्टुडिओवाल्यानं त्याले वापस लावलं होतं. पिशवीतून त्यानं बहिणीच्या लग्नाचा फोटो काढला, पेटीत राहून बुरशी चढलेला. मागच्या रांगेत, एकदम कडेले, डोक्यावर पदर घेतलेली माय. तोंड अंगठ्याच्या नखाएवढं.

"बाई, मायचं तोंड एवढ्यातच आहे," तो बोलला. "दुसरीकडे कुठीच नाई."

कैचीच्या भेवानं तो फोटो हातातून सोडे ना. खुर्शीदानं त्याले समजावलं का आता कैची लागतच नाई, तुमचा फोटो तुमच्यासंगंच वापस जाईन. स्कॅन करून तिनं तो त्याच्या हातात देल्ला तवा कुठी तो गेला.

मग काय, माहं दुकान उघडं टाकून म्या तिथीच बसली. एक पन्नी आजूबाजूची बुरशी काढाची, एक पदराची, एक तोंडावरचे डाग काढाची, एक रंगाची. मधात लाइन गेली, युपीएस टीं-टीं करे अन् ते घाईघाईनं सेव्ह करे. पण सांजेपर्यंत माय निघाली! गोरीपान, तुकतुकीत, एक डाग नाई. म्या टाळ्या वाजवल्या. नूरभाऊही चष्मा काढून पाहत राह्यला अन् वा बोलला. त्याच्या तोंडून वा निघणं म्हणजे काय, ते मलेच ठाऊक.

सकाळी लटारू तलावावरून सरळच आला, हात अजून ओले. पडद्यासमोर उभा राह्यला. लय वेळ पाह्यलं.

"लय चांगला झाला, बाई. पण हे कोण आहे?"

माही तं सटकलीच. दिवसभर बाई राबली अन् हा भैताड विचारते कोण आहे! म्या तोंड उघडणार, तं खुर्शीदानं माह्या हातावर हात ठेवला. त्याले हळूच विचारलं, भाऊ, काय नाई यात? लटारू लाजत लाजत बोलला का माय काळी होती, अन् तिच्या हनुवटीवर गोंदण होतं.

खुर्शीदाचं तोंड उतरलं. गोंदण तिले दिसलं होतं, पण ते तिनं बुरशीतच धरलं. तोंडावर जे दिसन ते पुसाचं, हेच तं हाताले वळण.

पण कोल्हा होता ना! तिनं रंगाच्या पन्नीचा डोळा बंद केला. माय सावळी झाली. मग डागाच्या पन्नीचा बंद केला, अन् तोंडावर सारे टिपके वापस आले, गोंदणाचेही अन् बुरशीचेही, एकात एक. खुर्शीदानं एकेका टिपक्यावर बाण नेला अन् विचारलं, "भाऊ, हे मायचं का बुरशीचं?"

"बुरशीचं," तो बोले. खुर्शीदा पुसे.

"हे?"

"मायचं." तो टिपका खुर्शीदा सोडून दे.

असं करत करत कपाळ झालं, गाल झाले. हनुवटीवर ते थांबली. तीन टिपके होते. लटारूनं हात लांब केला अन् ओलं बोट सरळ काचेवर ठेवलं, एका टिपक्यावर, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. लहानपणी तो मायच्या गोंदणावर तसंच बोट ठेवत झोपे, म्हणे. अन् मग तो गडी जो रडला, मसणात रडला नसन तसा रडला. मीही रडली अन् खुर्शीदाही. पण खरं सांगते, मनातून आमाले इतकी खुशी झाली होती का बस! माय भेटली होती.

म्या नूरभाऊकडे पाह्यलं. वाटलं, आता ओरडते. तो दुसरीकडे पाहत होता. लटारू छापलेला फोटो छातीशी धरून गेला, अन् काचेवर त्याच्या बोटाचे तीन ठसे राह्यले, मासोळीच्या वासाचे. नूरभाऊनं फडकं उचललं, कम्प्युटरजवळ गेला, अन् तसंच खाली ठेवून देल्लं.