फळ्याकडे तोंड करून

चामोर्शीकडच्या एका कॉलेजात मी संवादकौशल्य शिकवते. पदवी कुठलीही असो, नोकरीत चार माणसांपुढे बोलता यावं म्हणून हा तास. पुस्तक सांगतं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला. लिहिणाऱ्यानं आमचा वर्ग एकदा येऊन बघावा.

एका मुलीला ओळख करून द्यायला उभं केलं, की ती नुसती ओढणी पिळत राहायची. एकदा मी चिडलेच. तिची मैत्रीण म्हणाली, "मॅडम, नाटकाच्या भोंग्यावर हीच तर बोलते!"

धान निघालं की आमच्याकडे गावोगाव नाटकं लागतात. हिच्या वडिलांची जीप भोंगा लावून जाहिरात करत फिरते आणि आत बसून ही बोलते. तो खणखणीत आवाज मी कितीदा ऐकला होता.

"मग इथं काऊन बोलत नाहीस?"

"गाडीत मले कोणी पाहत नाई नं, मॅडम."

"बरं, फळ्याकडे तोंड करून बोल."

ती बोलायला लागली, तर नाटक कुठल्या गावात आहे म्हणून शिपाई विचारायला आला.

दुसऱ्या दिवशी तिला वर्गाकडे तोंड करायला लावलं. ती पुन्हा ओढणी पिळायला लागली. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुली उठल्या आणि पाठमोऱ्या बसल्या. मग सगळा वर्गच फिरला. मीही पुस्तक मिटून भिंतीकडे वळले.

भोंग्यावर ती नेहमी नटांची नावं सांगायची. त्या दिवशी तिनं स्वतःचं सांगितलं.