रात्रीच्या लाईटीची झोप

ये मंगल, अशी जवळ बस. आमच्या घरानं एवढं भोगलेलं पाहूनही तू जावईबापूंना रात्रीच्या लाईटीवर पाणी द्यायला शेतात पाठवतेस? माझी भाची ना तू? मग ऐक. ज्यांच्याकडे रात्री मोटर चालते त्या बायांनीही ऐका.

"ही झोप नाही, अक्का. मण्यार चावलीय," जळगावचे डॉक्टर नानांच्या डोळ्यांत बॅटरी मारून म्हणाले.

तोवर आम्ही बठ्ठे, घरातले सगळेच, तिला झोपच समजत होतो. त्या आठवड्यात मोटरीची थ्री फेज लाईट रात्रीचीच यायची. नाना, म्हणजे आमचे मालक, केळीला पाणी सोडून मोटरच्या खोलीत पोतं टाकून आडवे झाले. सकाळी घरी आले ते पोट धरूनच. पापण्या आपोआप मिटत होत्या. "रातभर जागला भाऊ, झोपू द्या त्याले," दीर म्हणाले. आम्ही पांघरूण घातलं. मण्यार साप चावला तर ना सूज, ना खूण. कळणार कसं? दुपारी हलवलं तरी उठेनात, तेव्हा जळगावला नेलं.

विष न्यूरोटॉक्सिक होतं, म्हणजे नसा बंद पाडणारं. अँटिव्हेनम दिलं, म्हणजे विषावरचं इंजेक्शन. तरी श्वास अडकला, मग व्हेंटिलेटर. आपल्याऐवजी ते मशीन श्वास घेतं. नानांचं बोट हलेना. दीर उशाशी उभे राहून म्हणाले, "वहिनी, भाऊ काही उठत नाही आता. आज मोटर कोन चालू करीन?"

शेजारच्या खाटेवरचा तरणा गडी गेला. त्यालाही रात्री पाणी देतानाच साप चावलेला.

नाना उठले. नळी निघाल्यावर दिराकडे बघून पहिलं बोलले, "मले बठ्ठं ऐकू येत व्हतं." दीर जिना उतरून गेले. डॉक्टर म्हणाले, "या विषात माणूस हलत नाही, पण जागा असतो." बायांनो, मशीनवरच्या माणसापाशी तोंड सांभाळा.

आता आमच्याकडे सौर पंप आहे. ऊन चढलं की पाणी सुरू. पाय कुठे पडतो ते दिसतं. ढग आले की धार बारीक होते, खोटं कशाला सांगू? दीर टोमणा मारतात, "तुमची मोटर ढगाले भेते!" नाना म्हणतात, "भिऊ दे. मी रात्री घरी झोपतो."

जावईबापूंना तीच धास्ती ना, सौर पंपानं पाणी कमी पडेल? पडू दे. केळीचा घड जरा हलका निघेल, तेवढंच.

आज रात्री त्यांना जाऊ देऊ नकोस. भांड, रड, चपला लपव. आणि रविवारी ऊन असताना आमच्या शेतात ये, त्यांना धार बघू दे. पण दोघं या गं.