कुंकू लावलेला सूट

सूट घालायला शिकायला दोन दिवस लागतात. काढायला अक्कल लागते. मी दोन दिवस शिकून आले होते.

नात आता चंद्रपूरला नर्सिंग करते. परवा सुट्टीत आली तेव्हा फोनवर मला एक व्हिडिओ दाखवत बसली. अंगावर विषारी औषध सांडलेला माणूस दवाखान्यात आला, तर आत घेण्याआधी त्याला कसं धुवायचं, धुणाऱ्यानं आपल्या अंगावर काय काय चढवायचं आणि नंतर कोणत्या क्रमानं उतरवायचं. पडद्यावर पिवळ्या सुटातली एक बाई डुलत डुलत येत होती. मला हसू आलं ते थांबेचना. नात म्हणाली, "आजी, हे सीरियस आहे." म्हटलं, "मले नको सांगू." मग तिला सगळं सांगायला घेतलं, तर अर्ध्यात तिचा फोन वाजला. म्हणून आता लिहूनच ठेवते.

तेव्हा मी पन्नाशीला टेकलेली. म्हणजे वय लहान होतं, समज नव्हती, ही सबब चालायची नाही. कापसाच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी इन्चार्ज सिस्टर होते. तेव्हाची जी मी, त्या बाईला मी इथे 'ती'च म्हणणार, नाहीतर 'ही'. तिच्या पंगतीला बसायची माझी इच्छा नाही. कडक इस्त्रीची पांढरी साडी, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. नऊ किल्ल्या. चालताना वाजायच्या, आणि त्या वाजाव्या म्हणून ती गरजेपेक्षा जास्त चालायची. कापसाचा बोळा हवा असला तरी डॉक्टरांनी तिच्याकडे यावं, तिनं कमरेचा जुडगा काढावा, बरोबर किल्ली शोधायला मुद्दाम थोडा वेळ लावावा, असा तिचा कारभार.

आसपास सिमेंटचे कारखाने, रस्त्यावर ॲसिडचे टँकर, आणि पावसाळा सरता सरता कपाशीवरची फवारणी. म्हणून वरून दोन सूट आले. पिवळे, डोक्यापासून घोट्यापर्यंत एकसंध, सोबत गमबूट, जाड हातमोजे, समोर काच आणि बाजूला गाळणीच्या डब्या लावलेला तोंडाचा मास्क. प्रशिक्षणाला चंद्रपूरला एकीनंच जायचं होतं, ती गेली. शिकवणारे म्हणाले, सुटाच्या आत साधे, अंगासरसे कपडे घाला. हिनं उठून विचारलं, "साडीशिवाय ड्युटी कशी करायची?" त्यांनी कपाळाला हात लावला. हिला वाटलं, प्रश्न आवडला.

परत आल्यावर सराव सुरू झाला. सरावाला खुंटी म्हणून मावशी. मावशी म्हणजे आमच्या वॉर्डातली आया, पोंभुर्ण्याकडची, वयानं माझ्याच बरोबरीची. दवाखान्यात आयाला मावशी म्हणतात, म्हणून मी म्हणायची, नाहीतर ती मला मोठी कुठून लागली. क्रमाचा कागद मावशीनं हातात धरायचा आणि मोठ्यानं वाचायचा. तिनं वाचलं, की ही एकेक चढवणार. मावशी सातवी शिकलेली. बोट ठेवून वाचायची: आतले हातमोजे, मग सूट कमरेपर्यंत, मग बूट, मग बाही, मग मास्क, मग टोपी, मग बाहेरचे हातमोजे, मग मनगटाला टेप. टेपचं टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे काढताना पकडता येतं. आत साडीचा बोचका, वरून सूट, आरशात भरलेलं वांगं दिसायचं. ही आरशात बराच वेळ पाहायची.

काढायचा कागद वेगळा होता. तो वाचायची वेळ आली की हिला घाई. चढवलेलं सगळ्यांनी पाहिलं, आता काढण्यात काय आहे पाहण्यासारखं? मावशी मात्र तोही कागद वाचून काढायची. एकदा म्हणाली, "बाई, म्हणजे उष्ट्या हातानं लोणच्याची बरणी नाई उघडायची, एवढंच ना?"

"इतकं सोपं नसते ते, मावशी. त्याले ट्रेनिंग लागते."

मावशीनं कागदाची घडी घातली. तिच्या घडी घालण्यालाही एक चव असायची.

एक दिवस तिनं सरळ विचारलं. "सूट दोन हायेत. दुसरा कोणासाठी?"

"दुसरा तपासणीले दाखवायचा. एक तरी कोरा पाहिजे."

"अन् काम पडलं तर?"

"काम मी करीन. तुले फक्त पाणी टाकायचं."

खंडेनवमीला दवाखान्यातल्या हत्यारांची पूजा व्हायची. कात्र्या, चिमटे, बीपीचं मशीन, सगळं टेबलावर मांडून फुलं वाहायची. हिनं दोन्ही सूट काढून खुर्च्यांवर बसवले, मास्कला झेंडूची माळ घातली आणि ओल्या कुंकवानं दोन्ही सुटांच्या छातीवर ठसठशीत स्वस्तिक काढलं. मावशी दारात उभी राहून म्हणाली, "छान दिसून राह्यले. आता नवरी पाहा यांच्यासाठी." मग ती जोडी लोखंडी कपाटात गेली, कुलूप लागलं, आणि दहावी किल्ली जुडग्यात आली.

दसऱ्याला आठवडाही झाला नसेल. दुपारची वेळ. दवाखान्यात डॉक्टर, मी आणि मावशी. एका ऑटोत फवारणी करणारा एक माणूस आणला, सोबत त्याची बायको. पाठीवरचा पंप गळका होता, शर्ट-पँट औषधानं निथळत होती. तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, दंडाचे स्नायू आपोआप फडफडत होते. डॉक्टरांनी ऑटोतच सुई टोचली आणि म्हणाले, "कपडे काढून धुतल्याशिवाय आत नको. विष अंगात मुरून राहिलंय. मागच्या अंगणात घ्या."

हिचा क्षण आला. कपाट उघडलं, एक सूट घेतला आणि सवयीनं, हो, सवयीनं, कुलूप परत लावून किल्ल्या कमरेला खोचल्या. मावशीनं न पाहता क्रम म्हटला, हिनं चढवलं. मनगटाला टेप लागली. टोपीच्या कडेला टेप लागली. पुढची चेन, तिच्यावरची पट्टी, तिच्यावर टेप. अंगणात जाऊन उभी राहिली तर माणूस फरशीवर आडवा, आणि त्याला एकटीनं हलवणं अशक्य. जाड हातमोज्यांत कात्री धरता येईना. शर्टाचं बटण तर दिसेचना, काच धुक्यानं भरलेली.

डॉक्टर खिडकीतून म्हणाले, "मावशींना दुसरा सूट द्या. दोघींनी मिळून करा."

तेव्हा हिच्या लक्षात आलं. किल्ली कमरेला. कमर साडीत. साडी सुटात. सूट टेपमध्ये.

मी बोलले, पण मास्कमधून आवाज म्हशीसारखा निघाला. मग दोन्ही हातांनी पोटाकडे खुणा केल्या. भिंतीशी बसलेली त्या माणसाची बायको मावशीला म्हणाली, "त्या बाईच्या पोटात दुखते का?"

मावशीला कळलं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही, मला अजून जेवायचं आहे.

डॉक्टर म्हणाले, "कुलूप तोडू का?"

"राहू द्या साहेब," मावशी म्हणाली. "ते कपाट बाईनं निवडलं, लवकर तुटत नाई. अन् इथी माणूस मरून राह्यला."

ड्रेसिंगचे पातळ हातमोजे आणि प्लॅस्टिकचा ॲप्रन, एवढ्यावर ती खाली बसली. कात्रीनं शर्ट वरपासून खालपर्यंत फाडला, पँट फाडली, कपडे लांब काठीनं पिशवीत ढकलले. मी नळी धरली. म्हणजे ठरलं होतं त्याच्या बरोबर उलटं झालं. पिवळा सूट पाणी टाकत होता आणि साडीतली बाई साबण लावत होती. केस, कानामागं, काखा, नखं. तो ओकला ते तिच्या मांडीवर. पातळ हातमोजा बोटाशी फाटला, ते तिनं पाहिलं आणि हात थांबवला नाही. नळीचा फवारा उलटून माझ्या छातीवर आला आणि ते स्वस्तिक विरघळलं. पोटावरून, मांड्यांवरून लाल ओघळ खाली. ती बायको एकदम उभी राहिली, "अवो, बाईले रक्त येऊन राह्यलं." मी हातानं नाही नाही करत होते. त्यानं ते ओघळ आणखी पसरले.

माणूस आत गेला. त्याच्या बायकोचेही हातपाय धुवून झाले, तिला वॉर्डातली साडी देऊन आत पाठवलं. आता मला एकच दिसत होतं: किल्ली काढायची, कपाट उघडायचं, मावशीला सूट द्यायचा. काम झाल्यावर सूट देऊन काय करणार होते कोण जाणे, पण चूक केलेल्या माणसाला आधी कुलूप उघडायचं असतं. मी तशाच विषानं बरबटलेल्या हातांनी गळ्याशी टोपी धरली आणि ओढायला लागले.

"हात खाली," मावशी म्हणाली.

आयुष्यात तिनं मला असं कधी म्हटलं नव्हतं. मी खाली केले.

"पाय नका हलवू. पहिले माझ्यासमोर उभ्या राहा. साबण. पुन्हा साबण. फिरा. आता टेपचं टोक पकडा. दुमडलं होतं ना? नाई दुमडलं. राहू द्या, मी सोडवतो." नळीखाली हात धुऊन तिनं नवे हातमोजे घातले होते. "बाहेरचे हातमोजे उलटे करत काढा. टोपी मागं, आत नका पाहू. आता सूट बाहेरून आत गुंडाळत खाली. उष्टी बाजू आत राहिली पाहिजे. बूट त्याच्यातच. एक पाय इकडं, कोरड्यात. दुसरा. आता वाका, डोळे मिटा, मास्कचा पट्टा मागून. शेवटी आतले हातमोजे."

मी मोकळी झाले, कोरडी, ठणठणीत, विषाचा एक थेंब अंगाला न लागलेली. कमरेला किल्ल्या वाजल्या. मी जुडगा काढून तिच्यापुढे धरला. मूर्ख बाई.

मावशी म्हणाली, "बाई, मले धूसर दिसून राह्यलं," आणि भिंतीला टेकून खाली बसली. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

तिला मी धुतलं. दुसरा सूट घालून, सगळ्या क्रमानं, आणि क्रम मीच मोठ्यानं म्हटला. मग तिला त्या माणसाच्या बाजूच्याच खाटेवर टाकलं आणि सुया सुरू केल्या. त्या औषधानं लाळ थांबते, पण माणूस बरळतो. संध्याकाळपर्यंत मावशीचं तोंड कोरडं पडलं, गाल लाल झाले, आणि ती बोटांनी हवेतून काहीतरी वेचायला लागली. मी कान जवळ नेला. "टेपचं टोक... बाहेरचे... टोपी मागं..." क्रमात एकही चूक नव्हती. हवेतली टेप ती माझ्या मनगटावरून सोडवत होती. मी हात तिथंच धरून ठेवला. माझ्या त्या नोकरीत तेवढं एक काम मी डोकं वापरून केलं असेल.

ती जगेल की नाही हे दीड दिवस कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं पाणी मागितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "किल्ली कुठी हाये?" मी ती जुडग्यातून काढून दिली. तिनं ती आपल्या काळ्या दोऱ्यात ओवली आणि गळ्यात घातली. मी निवृत्त झाले तोपर्यंत ती किल्ली तिच्या गळ्यातच होती. कपाटाला मात्र कुलूप कधी लागलं नाही.

तो माणूसही वाचला. घरी जायच्या दिवशी त्याची बायको मावशीच्या खाटेशी आली, तिच्या पाया पडली, तिच्या उशाला चार सीताफळं ठेवली. मी शेजारी सलाइनची बाटली बदलत होते. तिनं मला ओळखलं नाही. कशी ओळखणार, तिनं मला काचेतूनच पाहिलेलं. दबक्या आवाजात मला विचारलं, "सिस्टर, ते पिवळी बाई होती ना, जिच्या पोटात दुखत होतं अन् रक्त चाललं होतं? ते वाचली का?"

मावशीनं चादर तोंडावर ओढली. चादर हलत होती.

"वाचली," मी म्हटलं. "तशा बाया लवकर मरत नाईत."